घराखालचे शिक्के

परिचारिकेच्या बुटाची टाच समोरच्या खोलीत, खिडकीपासून दोन पावलांवर, खाली गेली. फार नाही, अर्धा इंच. पण लेम्पी हार्यूने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे परिचारिकेनेही पाहिलं.

"पलंग इथेच ठेवायचा होता ना?" मार्लिसने विचारलं. काउंटीच्या आरोग्य खात्यातून ती घर बघायला आली होती.

"इथेच. खिडकीतून त्याला बंदर दिसतं."

मार्लिसने आणखी तीन-चार ठिकाणी टाच दाबून पाहिली. लिनोलियमच्या खाली काहीतरी ओल्या पावासारखं दबत होतं. "दवाखान्याचा पलंग, ऑक्सिजनचं यंत्र, वर टाउनो, आणि त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं. मी सही करणार नाही, लेम्पी. पलंगाचा एक पाय खाली गेला तर तो पडेल, आणि तुम्ही त्याच्या खाली सापडाल."

"कधीपर्यंत वेळ आहे?"

"गाडी गुरुवारी दुपारी ठरली आहे. तोवर जमीन धड झाली तर तो घरी येईल. नाहीतर सत्तर मैलांवरच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी आहे, तिथे." मार्लिसने कोटाची बटणं लावली. "डॉक्टर दोन आठवडे म्हणतात. मी तेवढे धरत नाही."

तिने आकडा सरळ सांगितला हे लेम्पीला बरं वाटलं. आज सोमवार होता. तीन आठवडे तिचा नवरा टाउनो दवाखान्यात होता. फुप्फुसं गेली होती आणि बोलायला जेमतेम श्वास उरला होता. तो श्वास तो रोज एकाच प्रश्नावर खर्च करत असे, "घरी कधी?"

मार्लिसची गाडी वळणाआड गेल्यावर लेम्पीने ऑरिन ट्वाइटला फोन केला. ऑरिन पलीकडच्या गल्लीत राहायचा. लोकांची छपरं आणि जमिनी दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. वय त्रेपन्न, पण पाचव्या वर्षापासून तिला 'मिसेस हार्यू' म्हणायचा ते सुटलं नव्हतं.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "तोवर कुणाला तरी खाली पाठवून तुळया बघून ठेवा. तुळयाच गेल्या असतील तर गुरुवार विसरा. वरचा प्लाय गेला असेल तर होईल. आणि तुम्ही स्वतः जाऊ नका हं."

"मग कोण जाणार? मांजर?"

"मांजराला तुळईतलं कळत नाही, हे खरं," ऑरिन म्हणाला.

गावातली सगळी घरं गुडघाभर उंचीच्या खांबांवर उभी होती, कारण पॅसिफिकवरून येणारा पाऊस ऑक्टोबरपासून मेपर्यंत जमिनीला सुकू देत नाही. घराखालच्या त्या पोकळीत लेम्पी सदतीस वर्षांत एकदाही गेली नव्हती. तिथे टाउनो जायचा. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, उंदीर बघायला. तासाभराने चिखलाने माखून बाहेर यायचा आणि थेट परसातल्या साउनात, वाफेच्या खोलीत, शिरायचा. "किती सापडले?" ती विचारायची. "एकही नाही. तुला घाबरतात," तो म्हणायचा.

तिने त्याची जुनी विजार चढवली, टॉर्च घेतला आणि मागच्या बाजूची फळी सरकवली. अडुसष्टाव्या वर्षी पोटावर सरपटणं तिला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. वासाची मात्र तिने अजिबात कल्पना केली नव्हती. फर झाडाच्या ओल्या लाकडाचा, ती कामाला असे त्या प्लायच्या गिरणीच्या अंगणात यायचा तसाच.

तुळया चांगल्या होत्या. तिने एकेकीत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, तो रोवला गेला नाही. मग तिने प्रकाश वर फिरवला.

वरच्या प्रत्येक प्लायच्या पत्र्याच्या पोटावर शिक्का होता. गिरणीचं नाव, उत्तम प्रत, तारीख, आणि गोलात सात.

सात नंबर तिचा होता.

*

गिरणी एकशे ऐंशी भागीदारांची होती. प्रत्येकाचा एक हिस्सा, एक मत, आणि सगळेच कामगार. खोड फिरवत त्याचे पातळ पदर सोलायचे, सुकवायचे, डिंक लावून आडवे-उभे एकावर एक रचायचे आणि गरम दाबाखाली एकजीव करायचे. त्यातून निघालेल्या आठ बाय चारच्या पत्र्यांवर अख्खं गाव उभं होतं. छपरं तीच, भिंती त्याच, जमिनी त्याच. कोंबड्यांची खुराडी आणि चर्चमधलं कपड्यांचं कपाटसुद्धा.

दाबाखालून निघालेला पत्रा शेवटी लेम्पीपुढे यायचा. लेम्पी ही प्रत ठरवणारी पहिली बाई. तिच्या हातात पितळी टोकाची काठी असे. ती पत्र्यावर टकटक करत जायची आणि ऐकायची. एकजीव पत्रा आखूड, घट्ट आवाज देतो. पदर जास्त ओले असले तर आत वाफ कोंडते, फोड धरतो, तिथे डिंक लागत नाही. वरून काही दिसत नाही. फक्त काठी पडली की आवाज पोकळ येतो. तिथे लेम्पी लाल खडूने फुली मारायची. साधारण तिसांतल्या एका पत्र्यावर.

फुलीचा पत्रा विकला जात नसे, आणि नुकसान सगळ्यांत वाटलं जाई. शनिवारी साउनात बसल्यावर कोणीतरी म्हणायचंच, "टाउनो, आज तुझ्या बायकोने माझ्या पोराचे बूट खाल्ले." टाउनो निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "माझेही खाल्लेत. अनवाणीच आलोय बघ."

तो माल चढवायच्या शेडमध्ये होता. पास झालेले पत्रे तोच रचायचा आणि रेल्वेच्या डब्यांत भरायचा.

एकसष्ट सालच्या मार्चमध्ये त्यांनी हे घर बांधलं. भागीदाराने घर बांधलं की गिरणी त्याला एक गाडीभर पत्रे देई आणि सोबती एका शनिवारात जमीन घालून देत. पत्रे शिक्का वर ठेवून घालायचे हा रिवाज होता. लिनोलियम पसरण्याआधी मालक पाहुण्यांना खोल्याखोल्यांतून फिरवायचा आणि सगळे आपल्याच गिरणीचं नाव वाचत चालायचे. मग कॉफी, खारवलेला सामन आणि वेलदोड्याचा पाव.

टाउनोने सगळे पत्रे शिक्का खाली करून घातले. लोक हसले. "लाज वाटते का रे गिरणीची?"

"शिक्क्यावर माझ्या बायकोचा नंबर आहे," तो म्हणाला होता. "तिच्यावर पाय देऊन मी चालणार नाही."

बायकांनी ते वर्षभर एकमेकींना सांगितलं. लेम्पीने कोणाला सांगितलं नाही, पण विसरलीही नाही. भांडण झालं, चूल पेटली नाही, मूल राहिलं नाही, तेव्हा तेव्हा तिने ते वाक्य मनात काढून पाहिलं होतं.

*

आता ती चिखलात उताणी पडून तारखा वाचत होती. चौदा फेब्रुवारी. पंधरा. चौदा. सतरा. सोळा.

दुसरी कुठलीच तारीख नव्हती.

प्रत्येक पत्र्यावर सुताराच्या पेन्सिलीने वर्तुळं काढलेली होती. कुठे बशीएवढी, कुठे ताटाएवढी. प्रत्येक वर्तुळाखाली एक टेकू होता. तुळईला तुळई जोडणारा आडवा तुकडा किंवा जमिनीतून उभा केलेला खांब, आणि त्याखाली पाचर. प्रत्येक टेकूवर टाउनोच्या अक्षरात साल लिहिलं होतं. बासष्ट, चौसष्ट. नंतर एकेका वर्षात तीन-तीन. शेवटचं साल सत्त्याण्णव. या ऑक्टोबरात तो खाली जाऊ शकला नव्हता, आणि खिडकीखालच्या वर्तुळातले पदर सुटून वहीच्या पानांसारखे लोंबत होते.

लेम्पीने बोटाची टिचकी वर्तुळात मारली. पोकळ. वर्तुळाबाहेर मारली. घट्ट.

ते चार दिवस तिला आठवत होते. मंगळवार ते शुक्रवार. डावा कान सुजला होता, आतून पू येत होता, आणि उजवा सर्दीने दडपला होता. तिने कापूस कोंबून वर रुमाल बांधला आणि कामावर गेली. तिच्या जागेवर टपलेला एक स्वीडिश माणूस होता. बाई एक आठवडा गैरहजर राहिली असती तर परत त्या जागेवर बसली नसती, आणि दुसरी कोणी बाईही बसली नसती. या चार दिवसांत तिने मिळून पाच-सहाच फुल्या मारल्या. शुक्रवारी कोणीतरी म्हणालं, "बाई माणसाळली." तिने स्वतःला सांगितलं होतं की लाकूड या आठवड्यात चांगलं सुकलं असेल.

तिला तेव्हाही ते खरं वाटलं नव्हतं. तिने फक्त ते तपासलं नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी ऑरिन सहा नवे पत्रे घेऊन आला. लिनोलियम गुंडाळून झाल्यावर त्याने करवतीचं पातं बरोबर पाऊण इंचावर बसवलं, भिंतीच्या कडेने कापलं आणि पहारीने पहिला पत्रा उचकटला. पत्रा उलटा झाला.

"अरे वा. सात नंबर. हे तुम्हीच ना, मिसेस हार्यू?"

"मीच."

"उत्तम प्रत," त्याने वाचलं आणि सुटलेले पदर बोटाने उलगडले. "तुमच्याकडून असं कसं सुटलं? बाबा म्हणायचे, त्या बाईसमोरून देवसुद्धा फुलीशिवाय जाणार नाही."

लेम्पी गुडघ्यांवर बसून तुळयांतले जुने खिळे काढत होती.

"पण बुडाला टेकू कोणी दिलेत हे? टाउनोने? म्हातारा पक्का आहे. आमच्या बाबांनी एवढं केलं असतं तर आई चालती राहिली असती." ऑरिन तुळईवर बसला आणि थर्मासमधून कॉफी ओतली. "तुम्हाला आठवतंय ना, न्हाणीघराची जमीन? एकोणऐंशी साली. आई टबातून बाहेर आली ती थेट खाली. कंबरेचं हाड. त्यानंतर अकरा वर्षं खुर्चीत. रोज सकाळी बाबांना ऐकवायची, तुमच्या त्या गळक्या नळाने माझे पाय नेले. बाबा म्हणायचे, नळ तर गळत नव्हता गं. मग म्हणायचेही बंद झाले."

"घर कधी बांधलं होतं तुम्ही?" लेम्पीने विचारलं. तिला माहीत होतं.

"तुमच्याच वर्षी. तुमच्या मागून महिन्याभराने. गावातल्याच वखारीतून माल घेतला होता."

"न्हाणीघराचे जुने पत्रे?"

"कधीच फेकले. वीस वर्षं होतील." त्याने कॉफी संपवली. "चला. गुरुवार काही थांबणार नाही."

त्यांनी दोन दिवस काम केलं. तुळयांवर डिंकाची रेघ ओढायची, पत्रा आडवा टाकायचा, दोन पत्र्यांत खिळा धरून एक सूत जागा सोडायची, कारण या हवेत लाकूड फुगतं आणि जागा नसली की उठून बसतं. ऑरिन स्क्रू पिळत होता. लेम्पी त्याच्या मागून टिचकी मारत येत होती. ओळीने, हातभर अंतरावर, सगळ्या पत्र्यांवर.

"हे कारखान्याचे आहेत, मिसेस हार्यू. तिकडे यंत्र तपासतं आता."

"तपासू दे."

दुपारी ऑरिन जेवायला गेला तेव्हा तिने किराण्याच्या कागदी पिशवीवर हिशोब मांडला. एका पाळीत सहाशे पत्रे. चार पाळ्या, चोवीसशे. तिसांतला एक धरला तर ऐंशी. तिच्या फुल्या फार तर सहा. उरले चौऱ्याहत्तर. घर चोवीस फूट बाय बत्तीस, म्हणजे चोवीस पत्रे. चौऱ्याहत्तरांतून चोवीस गेले.

पन्नास. तिने आकड्याभोवती गोल काढला आणि पिशवीची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवली.

*

गुरुवारी मार्लिस आली, नव्या जमिनीवर चारदा चालली, टाचेवर उभी राहून थोडी उडी मारली आणि सही केली. "असं काम माझ्या घरी कोणी करून देत नाही," ती ऑरिनला म्हणाली.

"तुमच्याकडे मिसेस हार्यू मागे लागायला नाहीत," ऑरिन म्हणाला.

तीन वाजता टाउनो आला. स्ट्रेचर आत घेणाऱ्या दोघांची पावलं खोलीभर वाजली. टाउनोचे डोळे मिटलेले होते, पण मान किंचित वळली. सगळे गेले, यंत्र घुरघुरू लागलं, खिडकीबाहेर भरतीचं राखाडी पाणी जुन्या गिरणीच्या खुंटांपर्यंत चढलं. लेम्पीने स्वयंपाकघरातून कॉफी आणली. चमच्याने दोन थेंब त्याच्या ओठांना लावले.

"जमीन गप्प आहे," तो म्हणाला.

"नवी आहे."

तो बराच वेळ श्वास गोळा करत होता. "खाली कोण गेलं?"

"मी."

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं. सदतीस वर्षं राखलेली गोष्ट हातून गेल्यावर माणूस चिडेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त दमलेला दिसला.

"तुला कसं कळलं होतं?" तिने विचारलं.

"रचताना. पत्र्यावर पत्रा पडतो तेव्हा आवाज येतो ना." थांबला. "तू रुमाल बांधून आली होतीस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

"हो."

"मग तुला काढलं असतं."

"हो, म्हाताऱ्या. काढायलाच हवं होतं."

यंत्राने आठ-दहा श्वास मोजले. लेम्पीने त्याचा हात धरला नव्हता. आता धरला, कारण पुढचा प्रश्न हात धरल्याशिवाय विचारता येण्यासारखा नव्हता.

"बाकीचे कुठे गेले, टाउनो?"

"एका गाडीत चोवीसच मावले." त्याची बोटं तिच्या तळव्यात हलली. "घराला एकच गाडी मिळते."

"आणि बाकीचे?"

"डबे भरून गेले. कॅलिफोर्निया." श्वास. "थोडे वखारीत."

"इथल्या?"

त्याने डोळे मिटले. ते उत्तर होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी आपल्या घराखाली जायचो. दुसऱ्यांच्या घराखाली कसा जाणार?" त्यानंतर तो बंदराकडे तोंड करून झोपला. रविवारी सकाळी, चर्चची घंटा व्हायच्या आधी, यंत्र चालू राहिलं आणि तो थांबला. पलंग जागचा हलला नव्हता. नव्या जमिनीने कसलाच आवाज केला नाही.

*

दफन बुधवारी झालं. गुरुवारी ऑरिन पलंग उचलायला मदत करावी म्हणून आला, तर लेम्पी टाउनोची विजार घालून, हातात टॉर्च आणि त्याची चपटी पेन्सिल घेऊन पायरीवर बसली होती. शेजारी घडी केलेली पिशवी होती.

"बस, ऑरिन," ती म्हणाली, आणि त्याला सगळं सांगितलं. कान, चार दिवस, ऐंशी, सहा, चोवीस, पन्नास, वखार. आवाज न चढवता, काही न गाळता. शेवटी म्हणाली, "तुझ्या न्हाणीघराचे पत्रे माझेच होते हे मला सिद्ध करता येणार नाही. पण नव्हते असंही मला म्हणता येत नाही."

ऑरिन पायरीच्या कठड्याकडे बघत राहिला. पाऊस कौलांवरून पन्हळीत आणि पन्हळीतून पिंपात पडत होता.

"बाबांनी मरेपर्यंत तो नळ चार वेळा बदलला," तो म्हणाला. "नवाकोरा नळ. आईने पाहावं म्हणून."

लेम्पीने पेन्सिल विजारीच्या खिशात ठेवली.

"तुझी झोपायची खोली जुनीच आहे ना अजून?" तिने विचारलं.

"हो. झोपायची आणि आईची."

"खाली जायचं दार कुठल्या बाजूला आहे?"

तो नको म्हणेल किंवा घरी निघून जाईल असं तिला वाटलं. तो उठला. पिशवी उचलून आकडे पुन्हा एकदा वाचले, घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. "मागे," तो म्हणाला. "दगड लावलाय. मी काढतो."

ट्वाइटांच्या घराखाली टेकू नव्हते. रिवाजाप्रमाणे शिक्के वर होते, लिनोलियमच्या खाली, त्यामुळे पोटावर वाचण्यासारखं काही नव्हतं. नुसतं काळवंडलेलं लाकूड. तिच्याकडे फक्त कान उरला होता. डावा कान एकोणनव्वद सालीच गेला होता. तिने उजवा कान वर केला, टॉर्च विझवला आणि टिचकी मारायला सुरुवात केली. ओळीने, हातभर अंतरावर. वर खोलीत ऑरिन बूट काढून उभा होता, हलू नकोस म्हणून तिने बजावलं होतं.

पहिला पत्रा घट्ट. दुसरा घट्ट. तिसऱ्याच्या मधोमध, जिथे वरच्या बाजूला त्याचा पलंग असावा, तिने टिचकी मारली आणि हात थांबवला. मग पुन्हा मारली, नीट खात्री व्हावी म्हणून.

तिने अंधारातच पेन्सिलीने गोल काढला, त्यात सातचा आकडा घातला, आणि ऑरिनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "एक."